बाबा राऊला उतरले

एप्रिल लागला की इंदूरच्या आमच्या कॉलेजच्या आवारातल्या सावरीची बोंडं फुटतात आणि कापूस उडायला लागतो. तो खिडक्यांच्या जाळ्यांत अडकतो, मुलींच्या वेण्यांवर बसतो. परीक्षेच्या हॉलमध्ये पंखे सुरू केले की बाकांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटतो. जिथे शिकले तिथेच मी आता शिकवते. या वर्षी पर्यवेक्षणाच्या अकरा ड्युट्या माझ्या वाट्याला आल्या आहेत. तीन तास वाचायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघत राहायचं. मला ते जड जात नाही. लहानपणापासून मी बोलण्यापेक्षा बघण्याचंच काम जास्त केलं आहे.

गेल्या मंगळवारी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी प्रश्नपत्रिका हातात पडताच पांढरी झाली. वरचा ओठ घामाने भरला, पेन खाली पडलं, ते उचलायला ती वाकली नाही. मग तिने हात वर केला आणि बाहर जाना है म्हणाली. मी तिच्या बाकाशी उकिडवी बसले. जा, पण दोन मिनिटांनी जा, तोवर माझ्याबरोबर मोज, असं तिला हिंदीत सांगितलं. तिचा हात हातात घेऊन बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत राहिले. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मग बाकावर कोणाकोणाची नावं कोरली आहेत ते विचारलं, खिडकीचा रंग विचारला. सात-आठ मिनिटांत तिने पेन उचललं. पेपर झाल्यावर ती दारापाशी रेंगाळली आणि म्हणाली, "मॅम, आपको कैसे पता चला?"

मी म्हणाले, ऐसे ही.

इतकं सोपं होतं ते. त्या मुलीचं नाव मी तिच्या उत्तरपत्रिकेवर वाचलं, त्याआधी तिला ओळखतही नव्हते. तिला ते द्यायला मला आठ मिनिटं लागली. घरातल्या माणसाला मात्र मी ते नऊ वर्षं दिलं नाही.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. शहरात एकीकडे कुलपं लागत होती आणि दुसरीकडे पाट्या. कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या, केबल कनेक्शनच्या पाट्या, तीन महिन्यांत इंग्रजी बोला. बाबांची गिरणी त्याच्या आधीच्या दिवाळीत बंद झाली होती. ते तिथे कापड तपासायचे. तयार कापड एका तिरप्या टेबलावरून हळूहळू सरकत जायचं, मागून दिव्यांचा उजेड, आणि बाबा त्यातला तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग हेरून खडूने खूण करायचे. बावीस वर्षं. घरातसुद्धा नवी चादर आली की ती आधी खिडकीसमोर धरली जायची. आई म्हणायची, "पांघरायला आणलीय ती, पास करायला नाही."

मी मात्र त्यांच्याकडून बिनशर्त पास होत आले होते. माझे आजोबा महूला फौजेत हवालदार होते. नात इंग्रजी शाळेतच जाईल, हा त्यांचा हुकूम होता आणि बाबांनी तो पाळला. पोलोग्राउंडच्या मागच्या आमच्या दोन खोल्यांतून मी रोज निळ्या टायमध्ये कॉन्व्हेंटला निघायचे. शाळेत एक भाषा, घरी दुसरी, गल्लीत तिसरी, आणि डब्याच्या सुट्टीत कोणी आडनाव विचारलं की चौथी, म्हणजे गप्प राहण्याची. ती मला सगळ्यांत चांगली आली.

पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या पेपरला मला पहिल्यांदा तो झटका आला. छाती आवळली, हातांना मुंग्या आल्या, आत्ता इथेच मरणार याची खात्री पटली. कोरा पेपर देऊन मी बाहेर आले. बाहेर आल्यावर दहा मिनिटांत सगळं ठीक. घरी पोट बिघडल्याचं सांगितलं. पुढच्या पेपरला तो कॉलेजला नेणाऱ्या टेंपोत बसल्यावर आला, त्याच्या पुढच्या वेळी नुसतं हॉल तिकीट बघून आला.

आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला कुरियन मॅडम होत्या. बुधवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत त्या मुलींना भेटायच्या. दारावर पाटी नव्हती, पण मुलींनी त्या खोलीला 'मिनी बाणगंगा' असं नाव ठेवलं होतं. बाणगंगेला मनोरुग्णालय आहे, त्यामुळे इंदूरमध्ये कोणी जरा वेगळं वागलं की त्याला तिकडेच पाठवायची भाषा होते. मी तीन बुधवार त्या खोलीवरून नुसती पुढे गेले. चौथ्या बुधवारी मॅडमच दारात उभ्या होत्या. इंग्रजीत म्हणाल्या, दर बुधवारी एवढी चालतेस तर आत येऊन बस, पाय दुखत असतील.

त्यांनी मला काही मोठं सांगितलं नाही. फळ्यावर एक टेकडी काढली. भीती अशी चढते आणि आपली आपण उतरते, वीस मिनिटं दे तिला. तू मध्येच पळालीस तर भीतीला वाटतं की पळाल्यामुळेच जीव वाचला, मग पुढच्या वेळी ती लवकर येते आणि जास्त जागा मागते. म्हणून थांबायचं, आणि थांबवत नसेल तर त्याच ठिकाणी लवकरात लवकर परत जायचं. श्वास मोजायला त्यांनी शिकवलं, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला शिकवलं. एका वहीत तीन रकाने आखून दिले. काय घडलं, मन काय म्हणालं, आणखी काय खरं असू शकतं. शेजारी आकडा लिहायचा, भीती शंभरातली किती. लिहिण्याआधी किती, लिहिल्यावर किती.

मी हुशार विद्यार्थिनी होते. रोज संध्याकाळी खिडकीशी बसून बोटांवर मोजायचे. आईला वाटलं मी ध्यान करते. विहारात वयस्कर भंतेजी सांगायचे, श्वास आत येतो आहे हे जाणा, बाहेर जातो आहे हे जाणा. आईने शेजारणींना कौतुकाने सांगितलं आणि बाबांना दटावलं, "हळू बोला जरा, पोरगी ध्यान लावून बसलीय." बाबा रेडिओ बंद करायचे. मी कोणाचाच गैरसमज दूर केला नाही. आज वाटतं, आमच्या घरात त्या गोष्टीला आधीच एक नाव होतं, बसायला जागा होती, मान होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण मी ते सगळं इंग्रजीत शिकले होते आणि इंग्रजी हे माझं कुलूप होतं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या मध्यावर बाबांना पीथमपूरहून बोलावणं आलं. तिथे परदेशी पाठवायचे कपडे शिवणारा नवा कारखाना निघाला होता आणि त्यांना कापड तपासणारा जुना माणूस हवा होता. बाबांचे गिरणीतले मित्र लोखंडेकाका, ज्यांनी पुढे सियागंजमध्ये दोरखंडांचं दुकान टाकलं, त्यांनी ते जमवून आणलं होतं. तो सोमवार होता. आईने पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला. निघताना बाबांच्या पिशवीचा माझ्या वहीला धक्का लागला, ती त्यांनी सरळ केली आणि म्हणाले, "आज माझापण पेपर आहे."

ते दुपारी पावणेएकला परत आले. चालत. पीथमपूरच्या वाटेवरच्या राऊपासून पोलोग्राउंडपर्यंत, एप्रिलच्या उन्हात. शर्टाच्या पाठीवर घामाच्या मिठाचा पांढरा नकाशा उमटला होता. आईने पाणी दिलं. मी टेबलाशी फिजिक्सचं पुस्तक उघडून बसले होते. बाबा आईला सांगत होते की बस राऊच्या अलीकडे पोहोचली आणि छाती आवळायला लागली. हातांना मुंग्या आल्या. वाटलं, अनोळखी माणसांत जीव जाणार. ओरडून गाडी थांबवली. उसाच्या रसाच्या गाडीशी बसलो, तर दहा मिनिटांत सगळं ठीक. पण पुन्हा गाडीत चढायची हिंमत झाली नाही.

"उतरलो म्हणून वाचलो," बाबा म्हणाले.

मॅडमनी फळ्यापाशी सांगितलेलं वाक्यच बाबा मराठीत बोलत होते. मला त्या क्षणी सगळं कळलं. त्यांना काय झालं तेही कळलं आणि पुढे काय होणार तेही. त्या दिवशी माझा पेपर नव्हता. पुढचा पेपर शनिवारी होता, मध्ये पाच दिवस होते. मी पान उलटलं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी ईसीजी काढला. सब नॉर्मल है, गैस है, म्हणाले. बाबांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. घरी येऊन त्यांनी आईला समजावलं, "त्यांनी हातभर कापड बघितलं आणि ठाण पास केलं. दोष पुढच्या हातात असला तर?" बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. दिसला नाही म्हणजे दोष नाही, असं मानणारा माणूस त्या टेबलावर एक दिवस टिकला नसता. त्यांनी ठरवलं की आपलं हृदय कमजोर आहे आणि तपासणाऱ्याची नजर कच्ची आहे. तेव्हापासून त्यांची दोन बोटं मनगटावर गेली, ती तिथेच राहिली.

लोखंडेकाका दुसऱ्या दिवशी जय भीम करत आले आणि खाटेवर बसले. कारखान्याने शनिवारपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. "चल, मी येतो बरोबर. बस में मेरी गोद में बैठ जाना भिया," ते म्हणाले. बाबा हसले. हार्टचं आहे, रिस्क नको, म्हणाले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी शिकलेली, सायन्सची, माझ्या शब्दाला त्या घरात वजन होतं. तू समजाव तुझ्या बाबांना, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर तेच ऐकलेलं बरं. डॉक्टरांनी जपायचं असं काहीच सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी माझी वही उघडली आणि बाबांची गोष्ट माझी काळजी म्हणून तीन रकान्यांत लिहिली. काय घडलं: बाबा राऊला उतरले. मन काय म्हणतं: मला माहीत असून मी गप्प आहे. आणखी काय खरं असू शकतं: बाबा मोठे आहेत, त्यांचं ते बघतील. मी डॉक्टर नाही. कदाचित हृदयाचंच असेल. आधीचा आकडा नव्वद होता. लिहिल्यावर पस्तीस झाला. मी अंथरुणावर पडले आणि मला छान झोप लागली.

शिकवलेलं कामी आलं नाही, अशी माझी तक्रार नाही. ते इतकं कामी आलं की मी स्वतःच्या अपराधी वाटण्यालासुद्धा भीती समजून उतरवून टाकलं. मॅडमनी सांगितलं नव्हतं की काही आकडे नव्वदवरच राहू द्यायचे असतात. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण त्यांनाही मी हे कधी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी जयंती होती. दर वर्षी आम्ही सकाळी महूला जायचो. आजोबांच्या घरी पांढरे कपडे घालून सगळे जमायचे, मग मिरवणूक. बसच्या पायरीवर बाबांनी एक पाय ठेवला आणि ते थबकले. मागून लोक म्हणत होते, "चढो ना भिया, क्या सोच रिये हो." मी त्यांच्या मागेच होते. मला त्यांची मान दिसत होती, कानामागचा घाम दिसत होता, मनगटावरची बोटं दिसत होती. महूपर्यंत तासभर लागतो. शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला असता आणि मोजत राहिले असते, तर महू यायच्या आत ती टेकडी उतरून झाली असती. पहिल्या खेपेला नाही तर परतीच्या. मी पुढे वाकून म्हणाले, "बाबा, ऊन फार आहे. तुम्ही राहा घरी."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कृतज्ञता होती. ती मी कशी विसरू?

शनिवारी मी पेपर लिहिला. हॉलमध्ये एकदा छाती आवळली, मी थांबले, मोजलं, ती उतरली. त्या वर्षी मला पहिला वर्ग मिळाला. पीथमपूरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

मग बाबांचं शहर आक्रसत गेलं. आधी बस सुटली, मग टेंपो, मग गर्दीचा रस्ता. सराफ्यात घड्याळ दुरुस्त करायला जायचं तर ते सकाळी दुकानं उघडायच्या वेळी जाऊन यायचे. काकांच्या सियागंजच्या दुकानात ते बसायला लागले, तेही दाराजवळच्या स्टुलावर. दोराचं प्रत्येक वेटोळं सोडून तपासायचे. गिऱ्हाईक खूश, काका बेजार. आजोबा आजारी पडून शेवटच्या दिवसांत होते, तेव्हा बाबा महूला सायकलने गेले. जाताना तेवीस किलोमीटर, येताना तेवीस, आणि मध्ये चढ. काका दुकानात येईल त्याला सांगायचे, "हमारा हार्ट पेशंट महू तक साइकल मारता है, तुम तंदुरुस्त लोग क्या कर लोगे." सगळे हसायचे, बाबाही हसायचे. सायकल हवी तिथे थांबवता येते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

मी का बोलले नाही, याची कारणं मी वेळोवेळी स्वतःला वेगवेगळी दिली. आधी वाटायचं, त्यांना माझं कळेल. जिला कॉन्व्हेंटला घातलं, ती मिनी बाणगंगेत जाऊन बसते. मग वाटायचं, मराठीत हे कसं सांगायचं. ते खोटं होतं, कारण बाबांनी राऊचं सगळं मराठीतच सांगितलं होतं, माझ्या मॅडमपेक्षा चांगलं. खरं कारण मला फार उशिरा सापडलं. मला त्यांचं हृदयच आजारी असायला हवं होतं. हृदय बिघडलं तर लोक सफरचंदं घेऊन भेटायला येतात. आणि घरात भिणारी मी एकटी आहे, बाबा नाहीत, यावर माझं सगळं उभं होतं. तेही माझ्यासारखेच आहेत असं एकदा बोलून टाकलं असतं तर मग टेकायचं कुठे?

त्या मंगळवारी तिसऱ्या रांगेतल्या मुलीला ऐसे ही म्हणून मी घरी आले. आई विहारात गेली होती. बाबा खिडकीशी बसून माझ्या नव्या कुर्त्याची शिवण बघत होते. मी चहा केला आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. केमिस्ट्रीचा पेपर, मॅडम, टेकडी, ध्यान नव्हतं ते, वही. वहीत काय लिहिलं तेही. मला सरळ बोलता येत नव्हतं, मध्ये मध्ये इंग्रजीत जात होते आणि परत येत होते. कापड सरकत जावं तसं त्यांनी ते समोरून जाऊ दिलं, कुठेही थांबवलं नाही.

"म्हणजे हार्टचं नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"आणि तुला तेव्हाच माहीत होतं."

"हो."

ते कुर्त्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होते की ते रागावतील. पण ते माझ्यासाठी कारण शोधत होते. त्यांना ते सापडलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. "दुसऱ्या दिवशी पेपर होता ना तुझा. तू तरी काय करणार," ते म्हणाले.

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी म्हणाले, "नव्हता, बाबा. पेपर शनिवारी होता. मध्ये पाच दिवस होते."

"पाच दिवस," ते म्हणाले. बाहेर कोणाची तरी स्कूटर किक मारमारून चालू झाली आणि निघून गेली. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात, एखादं काम समजून घ्यावं तसं विचारलं, "पाच दिवसांत मला जमलं असतं?"

सांगता येत नाही, असं म्हणायची सोय होती. "जमलं असतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. माझ्या छातीत चढायला लागलं होतं आणि ते किती होतं याचा आकडा मला माहीत होता. मी मोजलं नाही. चहा निवत होता. बाबा उठले नाहीत, आणि मीही उठले नाही.